मी काढलेला रेझिस्टर

वर्ध्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मला आणि माझ्या मैत्रिणीला मिळून एक प्रोजेक्ट मिळालं: ५५५ नंबरच्या आयसीवर, म्हणजे छोट्या चिपवर, चालणारा टायमर. नॉब फिरवला की वारंवारता बदलायची आणि स्पीकरचा आवाज जाड-बारीक व्हायचा, एवढंच काम. हिशेब माझा, सोल्डरिंग तिचं, अशी वाटणी होती. तिचा हात स्थिर होता. मी सोल्डरिंगला बसले की गोळेच व्हायचे.

तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पहिला वर्ग आला तर पुढे इंजिनिअरिंग, नाहीतर हिंगणघाटचं स्थळ तयार आहे. मला असला काही धाक नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती लवकर घरी गेली. मी प्रयोगशाळेत सर्किट तपासत बसले. आवाज मला हवा तेवढा बारीक होईना. नॉबच्या आधी विजेचा प्रवाह अडवणारा एक किलोओहमचा रेझिस्टर होता. नॉब हाच मुळात रेझिस्टर, मग त्याच्याआधी आणखी एक कशाला? मी तो काढला आणि त्या जागी तारेचा तुकडा जोडला. नॉब थोडा फिरवताच आवाज शिट्टीसारखा झाला. माझं समाधान झालं. नॉब अगदी शेवटाला गेला तर आयसी जळू नये म्हणून तो रेझिस्टर घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटापर्यंत फिरवून मी पाहिलंही नाही. तिला सांगितलं तर नाहीच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी नॉबच शेवटापर्यंत नेला. आवाज बंद. धूर वगैरे काही नाही. त्यांनी आयसीला बोट लावलं, पटकन मागे घेतलं आणि बोर्ड उलटूनही न बघता विचारलं, "सोल्डरिंग कोणाचं?"

तिने हात वर केला. "कुठंतरी शॉर्ट केलंय," म्हणत त्यांनी तिचे गुण लिहिले. मग मला सूत्र विचारलं, ते मी धडाधड सांगितलं.

तिचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. उन्हाळ्यात लग्न झालं. मी जाऊन अक्षता टाकून आले.

बऱ्याच वर्षांनी सावंगीच्या दवाखान्यात ती दिसली. सासूला घेऊन आली होती. तोवर मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवायला लागले होते. ते ऐकून ती मनापासून खूश झाली.

"बरं झालं वं, तुले तरी जमलं," ती म्हणाली. "माह्यानं त्या दिवशी कुठं शॉर्ट झालं, आजूनही समजलं नाई मले. आता घरचा फ्यूज गेला तरी मी हात लावत नाई. पोरं हसतात, आईनं डिप्लोमा काऊन केला म्हणतात."

ती स्वतःही हसली.

सासूबाईंचा नंबर यायला वेळ होता. त्या समोरच्या बाकावर पेंगत होत्या; या बाकावर आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी तिला मुलं कितवीत आहेत ते विचारलं.