वाढवलेला चुडा

तवा मी मालकाची मोटार चालवायचो. दौंडला मेव्हण्याचं लग्न होतं. मालक म्हणाले, घरच्यांना मोटारीतूनच ने. परत शिरूरला येताना, न्हावरं गाव अजून लांबच होतं, तर मधेच मोटार बंद पडली. किल्ली फिरवली तर आवाजच न्हाई. बॅटरी बसलेली. ढकलायला पाहिजे म्हणून बायकोला आन् आईला उतरवलं. लेक मागं झोपली होती, नुकती चालायला लागलेली.

आई पहिल्यांदाच मोटारीत बसलेली. पोर पडायला नको म्हणून तिनं काचेखालचं बटण दाबून दार लोटलं, घराला कडी घालावी तसं. बाकीची दारं बंदच असायची. माझं तेवढं उघडं होतं. ते लोटून मी ढकलायला कुणी दिसतंय का बघत होतो, तर पोर उठून पुढं आली आन् आजीसारखंच तिनंबी बटण दाबलं. किल्ली आत.

ऊन मरणाचं. धुळीपायी काचा लावलेल्या. पोर लालबुंद होऊन रडत होती. बायको काचेला तोंड लावून सांगत होती, "वर कर बाई, नुसतं वर." पोर आणखी दाबायची. मी धोंडा उचलला, तर बायकोनं हात धरला. आम्ही जिकडं जाऊ तिकडच्या काचेला पोर येऊन चिकटायची, काच तिच्या डोळ्यात गेली असती.

पुढच्या तिकोनी काचेची कडी मोडकी होती. रेटल्यावर फट झाली. माझा पंजा अडकला. बायकोचा गेला असता, पण लग्नात भरलेला चुडा आड येत होता. कासारानं हात दाबून दाबून चढवलेला, निघंना.

आई म्हणाली, "नवऱ्यादेखत चुडा फोडतीस व्हय? मला एकच ल्योक हाय."

"फोडत न्हाई आत्याबाई. वाढवते."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणतात. तिनं मैलाच्या दगडावर हात आपटला. मग कोपरापर्यंत आत घातला, रगात आलं, पण बटण वर झालं. पोर घामानं भिजून बाहेर आली. आईनं पदराचा दोरा काढून सुनेच्या मोकळ्या हाताला बांधला.

मोटार बैलांनी ओढून आणली. आई मरेपर्यंत माझ्या शिंकेला घाबरायची. मला काही झालं न्हाई. अजून होत न्हाई.

बायको औंदा गेली. हातभर हिरवा चुडा घालून नेली. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. तिचं नशीब. कोंडलो मी.

दिवसाबी कडी लावून बसतो. लेक येते, बाहेरून हाका मारते. मी उठत न्हाई. मग ती दाराला तोंड लावून म्हणते, "आबा, कडी वर करा. नुसती वर."