बांधातली चूल

राज्यांची फेररचना चालली होती तेव्हा मी हैदराबादला पुराणवस्तूंच्या एका कचेरीत नकाशे काढायचो. त्या उन्हाळ्यात शहराबाहेरचा तलाव आटला आणि नावाड्यांचा जुना घाट उघडा पडला. एके काळी तिथं पलीकडच्या गावांचं धान्य उतरत असे. पुढं तलावाची भिंत उंचावली आणि घाटावरची अख्खी वस्ती पाण्याखाली गेली.

आमच्या कचेरीला खोदून काढायची होती तिच्याही खालची, शेकडो वर्षांपूर्वीची वस्ती. म्हणून वरची, कालपरवाची घरं आम्ही फावड्यानं ओढून फेकली. आमच्या धंद्याची रीतच तशी. जिवंत माणसाच्या आठवणीतलं जे असेल ती नुसती माती!

शहरातल्या कोठी बाजारात फुलं विकणारी एक म्हातारी रोज येऊन काठावर बसायची. तिचा जन्म याच वस्तीतला. तिला आईची चूल एकदा पाहायची होती, बाकी काही नाही. खोदकामावरचे आमचे साहेब तिच्यावर वैतागत. मला तिचा लळा लागला.

दोन खड्ड्यांच्या मध्ये मातीचा एक बांध आम्ही न खोदता राखतो, थर दिसावेत म्हणून. एके दुपारी ती त्या बांधापाशी ओरडली, "बेटा, येइच है! अम्मा का चूल्हा!" जळक्या मातीतून भोकाचा अर्धा दगड डोकावत होता. नावेचा दगडी नांगर फुटला तर नावाडी तो फेकत नसत, चुलीला लावत. तिच्या बापाचा फुटलेला नांगर तिनं बरोबर ओळखला.

"कल खोलतूं, अम्मा," मी म्हणालो. बांध कापण्याआधी त्याचं चित्र पुरं व्हावं लागतं.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या वाटणीचा हुकूम आला. काम बंद, खड्डे बुजवा. मराठी म्हणून माझी रवानगी औरंगाबादला, जिथं मला कुत्रंही ओळखत नव्हतं. तरी मी साहेबांना विनवलं, तासभर द्या. "चित्राशिवाय बांधाला हात लागणार नाही," ते म्हणाले. मला त्यांचा मनस्वी राग आला. आजही येतो.

बुजवण्याआधी साहेबांनी रिवाजाप्रमाणे खड्ड्याच्या तळाशी एक नवं नाणं ठेवलं.

"पैसा कायकू डाले?" म्हातारीनं विचारलं.

"बाद में कोई खोदे तो मालूम होना, हम आये थे बोलके," मी म्हणालो.

ती बांधाकडे वळली. "और हम रहते थे, वो कैसा मालूम होता, बेटा?"

मजुरांनी माती लोटायला सुरुवात केली.