भोंग्याकडे तोंड करून

आमच्या गायनशाळेत गुरूच्या तोंडाकडे बघत गायचं नाही, असा दंडक होता. खांसाहेब समोर बसत आणि आम्ही मान उजवीकडे वळवून, भिंतीतल्या खुंटीकडे बघत गायचो. उस्तादांच्या डोळ्याला डोळा भिडवून सूर लावणारा पोरगा बेअदब. शाळा म्हणजे कारंज्यातल्या एका पिंजाऱ्याच्या घरामागची पडवी, पण अदब दरबारातली. लहानपणापासून माझी मान अशी वळत होती, आणि विशीत आल्यावर ती वळते हे मला कळतही नव्हतं.

खांसाहेबांचा आवाज तोवर गेलेला होता. एका हिवाळ्यात घसा बसला तो बसलाच. हकीम झाले, वैद्य झाले, मुलेठी चघळून झाली. बोलायचे ते फुसफुसत, आणि शिकवायचे ते हाताने; तो हात आम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचो. त्यांनी स्वतः बांधलेली एक चीज होती. आवाज जाण्याआधी ती पुरती अशी फक्त माझ्याच गळ्यात उतरली होती. ती तबकडीवर चढावी, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती.

जर्मनची पहिली लढाई संपून थोडे दिवस झाले असतील. बाजारात भांड्यांच्या दुकानात एक जैन शेठजी ग्रामोफोनही विकायला ठेवत. त्यांच्या खटपटीने नागपूरकडे निघालेली एक रेकॉर्ड कंपनी वाट वाकडी करून कारंज्याला उतरली. गायनशाळेतल्या पोरांना ऐकू, म्हणाली. आम्ही हुरळलो. मी तर मनातल्या मनात वडिलांच्या किराणा दुकानाला रामराम ठोकून टाकला होता. अक्कल गहाण पडली की असंच होतं.

जिनिंगच्या गोदामात रुईच्या गाठी रचून कंपनीच्या गोऱ्या साहेबाने खोली केली होती. आवाज घुमू नये म्हणून. आडव्या पडद्याला भोक, त्यातून बाहेर आलेला एक लांबलचक भोंगा, आणि पडद्यामागे मेणाची तबकडी. भोंग्यात तोंड घालून ओरडल्यासारखं गायचं, एवढीच काय ती विद्या. पण खांसाहेब समोर बसल्याशिवाय मला सूर लावता येत नव्हता. म्हणून शेठजींनी त्यांना भोंग्याच्या अगदी शेजारी बसवलं.

झालं. गुरू समोर दिसले आणि माझी मान वळली. मी सगळी चीज रुईच्या गाठींना ऐकवली. साहेबाने तबकडी लावून दाखवली तर तबला दणदणीत वाजत होता, आणि माझा आवाज दुसऱ्या गल्लीतून कुणी हाक मारावी तसा. साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. शेठजींनी मराठी केलं, "अजून एकच मेण देतो म्हणते. तोंड सरळ ठेव बाबू."

"मी बाहेर बसू काय?" खांसाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुमी इथंच बसा."

"मंग काहून घाबरून राह्यला? गा."

या खेपेला साहेब माझ्या मागे उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. बैलाचं धरतात तसं. मला मान हलवता येईना. इतक्या वर्षांत गाताना खांसाहेबांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ते गात होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. प्रत्येक अक्षर माझ्याबरोबर. मला वाटलं, सगळी वर्षं हा माणूस समोर बसून असाच गात होता आणि मी खुंटीकडे बघत होतो. तरी गात राहिलो. अंतऱ्यात मात्र एका जागी मी पुढच्या अक्षरावर गेलो आणि ते मागच्याच अक्षरावर थांबलेले दिसले. ओठ तसेच, बोटं हवेत काहीतरी वळवत होती. तिथे सुरांची एक जागा होती आणि ती मला शिकवलेली नव्हती. ती कळेल म्हणून मी थांबलो. तबला पुढे गेला. पडद्यामागे मेण फिरत राहिलं.

साहेबाने माझं डोकं सोडलं. मला तिसरं मेण मिळालं नाही. उरलेल्या मेणावर आमच्याच तबलजीने मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीची नक्कल केली, शिट्टीसकट. साहेब हसून बेजार झाला. ती तबकडी निघाली आणि खपलीही. आमच्या शाळेतून जगात गेला तो इंजिनाचा आवाज.

परतताना मी खांसाहेबांना विचारलं, "अंतऱ्यात तुमी काय घेतलं?"

"थे लय जुनं हाय. तुह्या गळ्याले अजून जड होतं, म्हणून ठेवलं होतं मागं."

"मंग आता सांगा. सरगमीत सांगा."

त्यांनी बोटाने हवेत तेच वळण काढून पाहिलं. मग फुसफुसले, "सरगमीत नाही येत बेटा. थे सुरांच्या मधात हाय. गाऊनच दाखवा लागते."

आणि त्यांनी खरंच तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मी म्हणालो, राहू द्या. पुढच्या थंडीत ते गेले. पडवीत पुन्हा कापूस पिंजला जाऊ लागला आणि मी मुकाट्याने दुकानात जाऊन बसलो. माझ्यासारख्या अर्धवटाकडे कोण शिकायला येणार?

दुकान बंद केल्यावर अजून कधीतरी ती चीज म्हणतो. समोर कोणी नसतं, तरी मान उजवीकडे जाते. ती मी हाताने धरून सरळ करतो. अंतऱ्यातल्या त्या अक्षरापाशी आलो की थांबतो. तिथे काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता ते कुणालाच माहीत नाही.