आत्याचं पठारावरचं घर

आमची आत्या दर रविवारी अशा घरात स्वयंपाक करायची, जिथे जेवायला कुणीच नव्हतं.

मुळशीतल्या एका गावात मी शाळेवर रुजू झाले तेव्हा तिच्याकडे भाड्याने खोली घेतली होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, मीही म्हणू लागले. गावाच्या पाठीशी डोंगर. भाताच्या खाचरांतून निघालं की करवंदीच्या जाळ्या लागतात, मग पठार, आणि तिथून शेवटचा चढ चढला की माथा. माथ्यावरून धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं. सुट्टीच्या दिवशी पुण्याची पोरं ते बघायला येतात. पठारावर पूर्वी लहानशी वाडी होती. रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. हळूहळू सगळी माणसं खाली उतरली आणि घरं पडली. एकच उभं राहिलं, आत्याच्या माहेरचं. कारण ती ते सारवायची, कौलं नीट करून घ्यायची, आणि रविवारी सकाळी लवकर वर जाऊन चूल पेटवायची.

ती खाली परतल्यावर पोरं तिथं पोचत. दार नुसतं लोटलेलं, चूल ऊबदार, टोपल्यात झाकलेल्या भाकरी, आणि आसपास चिटपाखरू नाही. उतरून आल्यावर कुणीतरी दबक्या आवाजात विचारायचंच, "आजी, वरती कोण राहतं?"

आत्या पदर तोंडाला लावून हसायची. "आमचा दादा."

एकदा शहरातले कुणी पठारावरची जागा विकत घ्यायला आले होते. चांगली माणसं होती, चहा पिऊन बोलली. आत्याने त्यांना एवढंच सांगितलं, "घरात मानूस हाय. कसं इकू?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तिच्या लग्नाआधी, एका पावसाळ्यात, तो चुकलेली कालवड शोधायला धुक्यात गेला. कालवड संध्याकाळी आपली आपण गोठ्यात आली. तो आला नाही. लोकांनी दऱ्या पालथ्या घातल्या, काही सापडलं नाही. "धुक्यात घर दिसत न्हाई बाई," आत्या मला म्हणायची, "पर धुराचा वास येतो." हे ती इतक्या साध्या आवाजात सांगायची, की दादा जणू दुकानातून तेल आणायला गेलाय.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी तिच्याबरोबर निघाले. माथा मी अजून पाहिला नव्हता. धुकं असं, की पुढे चाललेली आत्या मधेच नाहीशी व्हायची आणि नुसत्या तिच्या बांगड्या वाजायच्या. "बोलत ऱ्हावा बाई," ती म्हणाली. "गप ऱ्हायलं की डोंगर लई मोटा वाटतो." मी शाळेतल्या गमती सांगत राहिले. पठारावर पाय ठेवला आणि ती थबकली. मलाही वास आला. धुराचा.

दार उघडं होतं. चूल पेटलेली होती. मागच्या रविवारी ठेवलेल्या भाकरीचा टोपल्यात तुकडाही नव्हता. सारवलेल्या जमिनीवर ओली, अनवाणी पावलं उमटली होती, आतल्या खोलीकडे गेलेली. बाहेर येणारं एकही नव्हतं.

इतकी वर्षं वाट पाहणारी आत्या तेव्हा घाबरली. तिने माझं मनगट धरलं.

"कवाच कुनी खाल्लं न्हवतं," ती पुटपुटली. मग आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "दादा? मी हाय. शेवंता."

आत, झोपेत माणूस कूस बदलतो तशी सळसळ झाली. ती मीही ऐकली.

"आत्या, खाली जाऊन माणसं आणू या," मी म्हणाले.

"तुमी हितंच थांबा."

दांडीवरची घोंगडी घेऊन ती आत गेली. मी उंबऱ्यापाशी उभी. चुलीतलं लाकूड तडतडत होतं, दारातून धुकं आत येत होतं. ती बाहेर आली तेव्हा घोंगडी हातात नव्हती. दार ओढून घेत ती म्हणाली, "झोपलाय. चला."

त्या दिवशी आम्ही माथ्यावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा गावातल्या काही जणांना घेऊन वर जाऊन आला. आतल्या खोलीत घोंगडी पसरलेली होती, तिच्याखाली कुणी नव्हतं. वाट चुकलेला एखादा मजूर असेल, असं सगळे म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगते.

आत्या पुन्हा वर गेली नाही. पितृपंधरवडा लागला तेव्हा तिने मुलाला सांगितलं, "मामाचा म्हाळ घालायचाय." तो बघतच राहिला. भावाचं श्राद्ध घाला म्हणून नातेवाईक सांगून थकले होते, आणि "जित्या मानसाचा म्हाळ घालत्यात व्हय?" म्हणत तिने एकेकाला फैलावर घेतलं होतं.

म्हाळाला तिने मला जेवायला बोलावलं. इतरांची पानं उठली होती. ती मला वाढत होती, जरा थकलेली, पण शांत. जवळ कुणी नाही असं बघून मी विचारलं, "आत्या, आत कोण होतं?"

तिने पळी भांड्यात ठेवली.

"अंधारात तोंड दिसलं न्हाई," ती म्हणाली. "पांघरून घालताना हाताला हात लागला. लई गार हुता, बाई. म्या चोळला, लई येळ चोळला. तसाच ऱ्हायला."

मग डोळे न पुसताच ती माझ्या पानात खीर वाढायला वाकली.