साळुबाईची गाडी आणि पुढचे शॉकअप

माझी मोठी जाऊ साळुबाई नारायणगावच्या एका पॅकहाऊसात द्राक्षाचे घड साफ करायची. बारक्या कात्रीनं सडका मणी असा उडवायची, की शेजारच्या मण्याला धक्का लागत नसे. एक अख्खं टेबल तिच्या हाताखाली होतं. घरात तिच्या हाताखाली काहीच नव्हतं, म्हणून त्या कामावर तिचा लई जीव.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला. सकाळी भाऊजी, म्हणजे तिचे मालक बाळासाहेब, जुन्या मोटारसायकलवर तिला सोडायचे. एका अंगाला बसून, एका हातानं पदर आणि दुसऱ्यानं कॅरिअर धरून ती जायची. दोन हंगामांत कंबर धरली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "काम करा, हरकत नाही. पण गाडीवर दोन्हीकडं पाय टाकून बसा. ड्रेस घाला. असं वाकडं बसून मणका जाईल."

साळुबाई तयार होती. माझा ड्रेस अंगाला लावूनही पाहिला. भाऊजी म्हणाले, "आबांची सून गावातनं तंगड्या टाकून जाणार? मला तोंड दाखवायला जागा ठेवशील का न्हाई?"

"मग वेशीपतुर चालत येते. पुढं गेल्यावर बसते."

"पुढं काय आंधळी माणसं ऱ्हात्यात?"

पण बायकोसाठी काहीच केलं नाही असं कुणी म्हणायला नको, म्हणून ते तिला घेऊन जुन्नरला जानकू मिस्त्रीकडं गेले. पुढचे शॉकअप पार उतरवले. वाकडे पाईप बदलले, नवे सील, नव्या स्प्रिंगा, दाट तेल. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मागचे पण करून टाका. वहिनी मागं बसत्यात ना?"

"हँडल माझ्या हातात असतंय, राव. पुढचं भारी झालं म्हंजे गाडी भारी."

येताना लेण्याद्रीला थांबले. साळुबाईला पायऱ्या चढवेनात, ती खालीच बसली. भाऊजी वर जाऊन गणपतीला नारळ ठेवून आले आणि पुढच्या चाकाला गुलाल लावला.

गाडी खरंच बदलली. पूर्वी खड्ड्यात हँडल हाताला हिसका द्यायचं, ते बंद झालं. तसं भाऊजींनी खड्डे चुकवायचंच सोडलं. मागं काय होतंय ते त्यांच्या हातांना कळेना, आणि साळुबाई सांगायला गेली की, "तुझ्यासाठीच केलं ना सगळं? तरी तुझं रडगाणं हायेच!"

गेल्या फेब्रुवारीत, हंगाम भरात असताना, गाडी एका नव्या गतिरोधकावरून भरधाव गेली. पुढचं चाक अलगद उतरलं. मागचं उसळलं आणि साळुबाई डांबरावर आपटली. भाऊजी आपले बोलत बोलत पुढं चाललेले. मागून आलेल्या जीपवाल्यानं हॉर्न मारून थांबवलं, "ओ पावणं, बाई सांडली तुमची!"

मणका मोडला. दवाखान्यात भेटायला येईल त्याला भाऊजी सांगायचे, "मला खरचटलंसुदिक न्हाई. शॉकअपनं वाचवलं."

एकदा साळुबाई पडल्या पडल्या म्हणाली, "मागं कोण बसलं व्हतं, तेबी सांगा की पावण्यांना."

 दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गावातल्या बायका म्हणतात, देवानं राखलं. मी रोज दिवा लावते, देवाला बोल लावणार नाही. त्याच्याकडं नारळ गाडीसाठी नेला होता, त्यानं गाडी राखली.

आता ती पट्टा बांधून घरातल्या घरात फिरते. दुचाकी डॉक्टरीणबाईंनी कायमची बंद केली. सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळत नाही आणि तिला उभं राहवत नाही. यंदा द्राक्षं सुरू झाल्यावर पॅकहाऊसातून फोन आला, टेबल सांभाळायला येणार का, गाडीची सोय आम्ही करतो. फोन भाऊजींनी घेतला.

"न्हाई. तिला आता कामाची हौस ऱ्हायली न्हाई," म्हणाले.

साळुबाई शेजारी ओट्यापाशी उभी होती. तिनं ऐकलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.