ऋतुजाची मधली सुट्टी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही, देवापाशीसुद्धा नीटसं नाही — हात जोडले की मन दुसरीकडंच जायचं. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघते.

कळंबपासून आत एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांना गोल उभं करायचं, टाळ्या वाजवायच्या, बेडूकउड्या मारायला लावायच्या, खिचडी वाढायची — अठ्ठावीस वर्षं हेच काम. अंगणवाडीची खोली आणि जिल्हा परिषदेची शाळा, दोन्हींत मिळून एकच पटांगण. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की धुळीचा पिवळा ढग उठायचा आणि त्यात पोरं आधी दिसायचीच नाहीत, नुसता गलका दिसायचा. असं म्हणतात का कुठं — गलका दिसायचा? पण मला तसंच आठवतं. मग ढग हळूहळू खाली बसायचा आणि त्यातून एकेक फ्रॉक, एकेक वेणी वर यायची. त्यांतली एक वेणी माझ्या ऋतुजाची. दुसरीत होती, सात वर्षांची. खो-खोत तिला कुणी शिवू शकत नव्हतं. खांबाला वळसा घालताना अशी काही कलायची की वाटायचं, आता पडली. पडायची नाही.

बघा, मी त्या धुळीतच रेंगाळते आहे. सांगायचं आहे ते पुढं आहे.

त्या वर्षी शाळेत भूमकडचे एक तरुण गुरुजी आले होते. लहान पोरं एका जागी बसण्यासाठी जन्माला आलेलीच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सकाळी एक सुट्टी, दुपारी मोठी सुट्टी, आणि शेवटचा तास रोज पटांगणावर. गावात कुरकुर सुरू झाली. पालकसभेत एक जण उठून म्हणाला, "खेळायचंच आसंल तर गल्ली काय कमी हाय व्हय? मग साळंत कशाला घालायचं?"

तेव्हा मी उभी राहिले. खेळणारं पोर लवकर शिकतं, म्हणाले. त्याला भूक लागते, झोप लागते, भांडण करून पुन्हा एक व्हायला ते खेळातच शिकतं. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण मी ते डोळ्यांनीही पाहिलं होतं. कुणीतरी टाळी वाजवली. गुरुजींनी लांबूनच हात जोडले.

मी मनापासून बोलले होते का? हो. दुसऱ्यांच्या पोरांबद्दल अगदी मनापासून.

स्वतःच्या पोरीचा हिशोब मी वेगळाच मांडून बसले होते. वर्गात पहिली असून मला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. पाचवीत एक परीक्षा असायची, ती पास झालं की निवासी शाळेत नंबर लागायचा. शेजारच्या गावातली एक मुलगी तिथं लागली होती. सुट्टीला आली की एसटीतून इस्त्रीच्या गणवेशात उतरायची, आणि सगळा फाटा तिच्याकडं बघत राहायचा. त्या पायरीवर मला ऋतुजा दिसायला लागली होती. रोज इतका वेळ धुळीत गेला तर ती तिथं पोचणार कशी? पण सभेत तसं बोलून बसल्यावर गुरुजींना कुठल्या तोंडानं सांगणार — माझीला तेवढी वर्गात बसवा?

मग शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी ऋतुजाच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाल्या, ठोक्यात जरा आवाज येतोय, बहुतेक काही नसेल, पण एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून या. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. ते रडणं खोटं नव्हतं. हिचे वडील साखर कारखान्यात होते, गाळपाचे दिवस, त्यांना रजा मिळेना. मी एकटीच तिला घेऊन लातूरला गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. थकून ती माझ्या खांद्यावर झोपली होती तेव्हा डॉक्टर आले आणि हसून म्हणाले, "ठणठणीत आहे पोरगी. असा आवाज पुष्कळ मुलांना असतो. खूप पळू द्या हिला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. तेही खोटं नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. बाहेर तुरी फुललेल्या. उतरतं ऊन, सगळं रान पिवळं, गाडी डुलते आहे — जागी असून मी झोपेत असल्यासारखी होते. ऋतुजानं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, मला काय झालंय?"

"काही नाही" हे शब्द ओठांवर आले होते. खरंच आले होते. आणि तेवढ्यात, कुणी शेजारी हळूच सरकून बसावं तसा एक विचार माझ्याजवळ येऊन बसला. मी म्हणाले, "जास्त पळायचं न्हाय बाळा. एवढंच."

तिनं मान हलवली आणि पुन्हा झोपली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं, हृदयाचं आहे, पळण्यापासून जपायला सांगितलंय. पुढं हे घरी आले तेव्हा यांनाही तेच. दवाखान्याचे कागद ट्रंकेत साडीखाली ठेवले. यांनी कागद मागितले नाहीत. माझ्यावर विश्वास होता — आणि माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता. तेव्हापासून हंगाम संपवून घरी आले की ते तिला शाळेपर्यंत खांद्यावर बसवून न्यायचे. शाळा घरापासून दोनशे पावलांवर.

आता मधल्या सुट्टीत घंटा व्हायची, ढग उठायचा आणि वर्गाच्या खिडकीत ऋतुजा दिसायची. पुढ्यात मी लिहून दिलेली गणितं. पोरी तिच्याशी लई चांगल्या वागल्या. त्यांनी तिला पंच केलं. कोण बाद, कोण नाही, हे ती खिडकीतून ओरडून सांगायची आणि पोरी तिचा शब्द मोडायच्या नाहीत. पुढं पुढं तिनं ओरडणंही सोडलं. ओरडल्यानं ठोके वाढतात, असं तिला वाटायचं. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं.

गुरुजी एकदा अंगणवाडीच्या दारात आले. "ताई, थोडं थोडं पळू देऊ का तिला? बसून बसून कोमेजली पोरगी."

मी म्हणाले, "काय झालं तर जबाबदारी घेताल का तुम्ही?"

ते दारातूनच मागं फिरले. आणि गोष्ट माझ्या पोरीपुरती राहिली नाही. गावात बोलणं सुरू झालं — हिचं असं निघालं, आपल्या पोरांच्या छातीत काय आहे कुणाला ठाऊक? एखादं पळता पळता पडलं तर? गुरुजींनी आधी शेवटचा तास बंद केला, मग सकाळची सुट्टी. उरली ती डबा खाण्यापुरती. वर्षभरात ते बदली मागून निघून गेले. जाताना मला म्हणाले, "सभेत तुम्ही एकट्याच माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या होतात, ताई."

मी पोरांना टाळ्या वाजवायला सांगितलं.

पण अजून सांगायचं राहिलंच. ऋतुजा तिसरीत होती. रविवार, भर दुपार. शाळेचं पटांगण रिकामं. मी ज्वारी निवडत बसले होते. ती घामाघूम होऊन आत आली, काही न बोलता फरशीवर उताणी झोपली आणि दोन्ही हात छातीवर ठेवले. डोळे छताकडं. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, "आई, मी पळाले. एकटीच. या खांबापासून त्या खांबापर्यंत." आणि मग अगदी हळू — "आता मी मरणार का?"

आठ वर्षांची पोर फरशीवर पडून मरणाची वाट बघत होती. तिच्या गळ्याजवळची शीर उडताना मला दिसत होती — चांगली, दणकट, भरधाव. कागद हाताच्या अंतरावर ट्रंकेत होते. घरात तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "या वेळी काय झालं न्हाय. परत पळू नको."

ती परत कधीच पळाली नाही.

परीक्षा ती पास झाली. निवासी शाळेला तंदुरुस्तीचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी तपासलं, दाखला दिला. घरी मी सांगितलं, वाढत्या वयात भरून आलं. यांनी देवीला नवस बोलला होता, तो मला तेव्हा कळला. ते अनवाणी तुळजापूरला चालत गेले. मी आणि ऋतुजा एसटीनं. त्यांच्या टाचा फुटलेल्या, आणि देवीसमोर उभं राहून ते रडत होते — माझी लेक बरी केलीस. शेजारी मीही हात जोडून उभी होते.

पुढं तिच्या लग्नाचं बघायला लागल्यावर यांनी येईल त्या पाहुण्याला आधीच सांगितलं, लहानपणी पोरीला हृदयाचा त्रास होता. फसवून लेक द्यायची नाही, म्हणाले. दोन ठिकाणं त्यावरून परत गेली. मी चहाचे कप उचलले.

आता ती पुण्यात असते. तिची ओवी चार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. परवा मंगळवारी तिचा फोन आला. ओवीच्या शाळेत सांगून ठेवलंय म्हणाली, हिला पळवू नका, बाकी मुलं बागेत जातील तेव्हा वर्गातच बसवा.

मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. ते म्हणतात काही नाही. पण आई, माझं तरी आधी कुठं कळलं होतं? तू जपलंस म्हणून मी आहे."

"पळू दे गं तिला," मी म्हणाले. एवढं मात्र म्हणाले.

ती हसली. "तू सांगतेस हे? तू?"

ती वाट बघत होती. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. यांचं जेवण झालं होतं, ते ओसरीवर सुपारी कातरत होते. मला घाई कसलीच नव्हती.

मी म्हणाले, "बरं. जप तिला."