वाटाण्याएवढा शिकारी

मला शिकारी मासा हवा होता. तंजावूरच्या आमच्या घरात मी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. पण लेक शिकायला चेन्नईला गेली आणि तिची दोन फुटी काचपेटी माझ्या गळ्यात पडली. तिच्यातले गप्पी मासे एकेक करून संपले, पाणवनस्पती माजल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गोगलगायींनी काचेवर संसार थाटला. त्यांना खाणारा मासा आणायचाय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खरं कारण निराळंच होतं. दिवसभर कचेरीत विम्याच्या फायली उलटणाऱ्या बाईला घरी आल्यावर दबा धरणारं, झेप घेणारं काहीतरी बघायचं होतं.

तीनच महिन्यांपूर्वी माझे वडील, अप्पा, ओरत्तनाडूहून आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून तिथे ते एकटे होते. मीच भांडून त्यांना आणलं. ते आले, पण राहिले नाहीत. म्हणजे त्यांची पिशवी अजून भरलेलीच होती. पंखा लावायचा तरी विचारायचे. लेकीच्या घरी बापाने फार दिवस जेवू नये, हा आमच्यातला जुना दंडक. नातवंड झालं की तो सुटतो, हे माझं म्हणणं ते शांतपणे ऐकून घेत आणि अमावास्या झाली की 'आतां जातों' म्हणत. एक दिवस हे खरंच निघून जातील, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

त्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून दुकानात नेलं. जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीत एक बाई शोभेच्या माशांचं दुकान चालवतात. मी दारातूनच सांगितलं, शिकारी दाखवा, पण माझ्या पेटीत मावणारा. बाईंनाही चेव चढला. आधी त्यांनी विरालची, म्हणजे मरळ माशाची पिल्लं दाखवली, नारिंगी पट्ट्यांची, अशी देखणी की माझा हात पर्सकडे गेला. वर्षभरात तो तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होईल, त्या म्हणाल्या. हात परत आला. मग आला वाळक्या पानासारखा दिसणारा मासा. तो डोकं खाली करून पानासारखाच तरंगत होता. बाईंनी एक बारकं पिल्लू आत सोडलं. पानाला अचानक जबडा फुटला आणि पिल्लू नाहीसं झालं. मी चक्क लहान पोरीसारखी टाळी वाजवली.

मागे वळून पाहिलं तर अप्पा दारापाशी उपरण्याने नाक झाकून उभे. हा घेऊ का, मी विचारलं. ते म्हणाले, "तुझें घर, तुझा मासा." मग थोडं थांबून त्यांनी बाईंना तमिळमध्ये एकच प्रश्न केला, हा रोज काय खातो? रोज जिवंत मासेच, बाई म्हणाल्या. पानमासा बाद झाला.

आणि मग बाईंनी कोपऱ्यातली बरणी पुढे केली. आत वाटाण्याएवढा एक जीव होता. हिरवट पिवळा, अंगावर काळे ठिपके, पोट गोल. केरळच्या नद्यांतला, फुगणाऱ्या माशांच्या जातीतला, मोठा झाला तरी जेमतेम इंचभर. एक डोळा माझ्याकडे, दुसरा अप्पांकडे, आणि दोन्ही वेगवेगळे फिरत होते. हा गोगलगायी फोडून खातो, कोरड्या खाद्याला तोंड लावत नाही, बाई सांगत होत्या, पण मी ऐकतच नव्हते. माझं ठरलं होतं. घरी येईपर्यंत माशाची पिशवी धरून बसलेल्या अप्पांना मी निदान दहा वेळा विचारलं असेल, तो अजून बघतोय ना?

आता माझा पराक्रम ऐका. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे आदल्या दिवशी घर घासून काढायचं. मीही शनिवारी पेटी घासून काढली होती. काचेवरचा तवंग, पानांखालची अंडी, मोहरीएवढ्या गोगलगायी, सगळं खरवडून फेकलं. सुपारीएवढ्या थोर थोर गोगलगायी मात्र मुद्दाम ठेवल्या. पाहुण्याला भरल्या ताटाने वाढावं, ही आमची रीत. पेटीसमोर कोलमाची रांगोळीसुद्धा काढली होती.

सोमवारी मासा गोगलगायींभोवती फिरला आणि परत गेला. मंगळवारी एकीला त्याने नाक लावलं. तिने शंखाचं दार बंद केलं. अप्पा रोज जेवायच्या आधी गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला भात ठेवतात. तो येऊन टिपून गेला की मगच पानावर बसतात. त्या दिवशी त्यातलं एक शीत त्यांनी पेटीत टाकलं. माशाने ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

बुधवारी मी रजा घेतली, कारण माशाचं पोट आत गेलं होतं. दुपारी पान मांडलं, कावळा येऊन गेला, तरी अप्पा बसेनात. घरातलं जनावर तीन दिवस उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणाले. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणाबरोबरच्या. मी चिडले. नको नको ते बोलले, की वाटाण्याएवढ्या माशापायी बापाला उपाशी ठेवलं म्हणून गाव मलाच नावं ठेवेल. ते पंच्याने हात पुसत म्हणाले, मग ओरत्तनाडूची बस बघतों. माझ्या हौसेपायी अप्पा जाणार, आणि मासाही जाणार.

मी दुकानातल्या बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या कपाळाला हात लावल्यासारख्या हसल्या. याचं तोंड केवढं, अम्मा? याला बारक्या गोगलगायी लागतात, मोहरीएवढ्या, त्याच तुम्ही टाकल्या. आता संध्याकाळी दुकानात या. मी फोन ठेवला आणि अप्पांना सांगायला वळले, तर ते खोलीत नव्हते.

ते गच्चीवरून आले. तिथे त्यांनी गावाहून आणलेल्या कमळकंदांचं टाकं आहे, पूजेची फुलं त्यातूनच येतात. हातात कमळाचं एक पान होतं, उलटं धरलेलं, आणि त्याच्या पाठीवर तिळाएवढ्या, मोहरीएवढ्या गोगलगायी. मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मी मारत नाही गे," ते म्हणाले. "पान वाढतों."

त्यांनी पान पाण्यावर ठेवलं. माशाचा एक डोळा वर फिरला. मग दुसरा. शेपटी एका बाजूला वळली, अंग ताठ झालं, आणि टक्! एक गोगलगाय गेली. टक्! दुसरी. आम्ही दोघं पेटीला नाक लावून बसलो होतो आणि मी अप्पांचा दंड इतका आवळला होता की वळ उठले असतील. पाचव्या घासाला त्याचं पोट पुन्हा गोल झालं.

अप्पा उठले, हात धुतले आणि पानावर जाऊन बसले. भात कालवता कालवता, वर न बघता, म्हणाले, "उद्यांपासून ह्याचें खाणेंपिणें, अस्कि मी बघतों. तूं त्या काचेला हात लावूं नको."

माझ्या घरात येऊन तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच मला दटावत होते. मी गुपचूप हो म्हटलं.